करार झाला, कायदा अडला: मिंदानाओचं एक प्रकरण, सोलापुरात बसून

प्रश्न असा ठेवला होता. फेब्रुवारी २०१५. तुम्ही फिलिपिन्सच्या संसदेचे सदस्य आहात. देशाच्या दक्षिणेला मिंदानाओ बेटावर चाळीसेक वर्षं चाललेलं मुस्लिम बंड मिटवण्यासाठी सरकारने गेल्या वर्षी करार केलाय. त्या कराराला कायद्याचं रूप देणारं विधेयक तुमच्यासमोर पडून आहे. आणि गेल्याच महिन्यात त्या बंडखोरांच्या इलाख्यात ४४ पोलीस कमांडो मारले गेलेत. देशभर संताप आहे. विधेयक पुढे न्यायचं की थांबवायचं? आधी हो किंवा नाही सांगा, मग कारण.

सोलापुरात पार्क चौकापासून चालत जाता येईल अशा एका वर्गखोलीत आमचा अभ्यासगट बसतो. पोरं बहुतेक स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, आणि त्यांच्याबरोबर काही मोठी माणसं: सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार, कोर्टात वकिली करणाऱ्या एक बाई, उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या एक शिक्षिका. प्रकरण तयार करून आणायचं काम माझं.

‘धार्मिक अतिरेकवादाशी कसं लढावं’ असा मोकळा विषय दिला की उत्तर पाठ असतं. बहुआयामी दृष्टिकोन, शिक्षण, रोजगार, संवाद, गुप्तचर यंत्रणांमध्ये समन्वय. क्लासच्या नोट्समधून उतरलेलं. त्याला दहापैकी सहा मार्क मिळतात आणि त्यातून कुणालाही काही कळत नाही. म्हणून तारीख टाकून, खुर्चीत बसवून विचारायचं. आणि परदेशातलं प्रकरण घ्यायचं, कारण घरचं घेतलं की दोन मिनिटांत चर्चा आपापल्या गल्लीत शिरते. फिलिपिन्समधले मोरो मुस्लिम कोण, हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे सगळ्यांनी ऐकून घेतलं.

मागची गोष्ट

फिलिपिन्स कॅथलिक बहुसंख्य देश. पण मिंदानाओच्या काही भागात आणि सुलूच्या बेटांवर इस्लाम स्पॅनिश लोकांच्या आधी पोचलेला. सुलू आणि मागिंदानाओ इथे सुलतानांचं राज्य होतं, आणि स्पेनला हा भाग पुरता कधीच जिंकता आला नाही. तो अमेरिकनांनी ताब्यात घेतला. त्यानंतर अनेक दशकं उत्तरेकडच्या बेटांवरून ख्रिश्चन शेतकऱ्यांना आणून वसवण्यात आलं. जमिनीच्या कागदावर ज्याने नाव लावून घेतलं त्याची जमीन झाली. साठच्या दशकापर्यंत मुस्लिम आपल्याच मुलखात बऱ्याच ठिकाणी अल्पसंख्य झाले होते.

इथे पहिला मुद्दा पोरांच्या लक्षात आला: भांडण धर्माचं दिसतं, पण त्याच्या तळाशी जमीन आहे. मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाही. १९६८ मध्ये कोरेहिदोर बेटावर गुप्त मोहिमेसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या मुस्लिम तरुणांना लष्करानेच गोळ्या घातल्याचं उघड झालं. १९७१ मध्ये मनिली गावात मशिदीत जमलेल्या लोकांची कत्तल झाली. त्या काळात मुस्लिम गावांवर चालून जाणाऱ्या ख्रिश्चन सशस्त्र टोळ्याही होत्या. म्हणजे धर्माच्या नावाने बंदूक उचलणारे दोन्हीकडे होते. १९७२ मध्ये अध्यक्ष मार्कोस यांनी मार्शल लॉ लावला, हत्यारं जमा करायचा हुकूम काढला, आणि नूर मिसुआरी यांच्या मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंटचं उघड युद्ध सुरू झालं. तेव्हापासून या संघर्षात एक लाख वीस हजार माणसं गेली, असा आकडा नेहमी दिला जातो.

यापुढच्या तारखा मी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या, आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्या तारखांतच आहे.

१९७६ मध्ये लीबियाच्या मध्यस्थीने त्रिपोलीला करार झाला. १३ प्रांतांना स्वायत्तता द्यायचं ठरलं. मार्कोस यांनी तो आपल्याला सोयीचा असेल तसाच राबवला. संघटनेत फूट पडली आणि सलामत हाशिम बाहेर पडले. त्यांचा गट पुढे मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट, म्हणजे एमआयएलएफ झाला. नावातच इस्लाम आला. १९९६ मध्ये जुन्या संघटनेशी अंतिम करार झाला, पण तोवर एमआयएलएफ जास्त ताकदवान झाला होता. सन २००० मध्ये अध्यक्ष एस्त्रादा यांनी सर्वंकष युद्ध पुकारलं, लष्कराने त्यांचा मुख्य तळ जिंकला, आणि लढवय्ये डोंगरात पांगले. ऑगस्ट २००८ मध्ये वडिलोपार्जित भूमीबाबतच्या करारावर क्वालालंपूरला सह्या व्हायच्या होत्या. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि पुढे करार घटनाबाह्य ठरवला. एमआयएलएफचा एक कमांडर उम्ब्रा कातो याने गावांवर हल्ले केले, लाखो लोक घरं सोडून पळाले, आणि कातोने स्वतःचा आणखी कडवा गट काढला.

एक पोरगा फळ्याकडे बघत म्हणाला, “सर, दर वेळी करार फिसकटला की नवीन दुकान उघडतंय, आणि आधीच्यापेक्षा कडक.” यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं. अबू सय्याफ हा गट मात्र या साखळीत नीट बसत नाही. तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वेगळ्या वाटेने आला आणि खंडणीसाठी अपहरणं करत फोफावला. ते फळ्यावर बाजूला लिहून ठेवलं.

२०११ मध्ये अध्यक्ष आक्विनो तिसरे आणि एमआयएलएफचे प्रमुख मुराद इब्राहिम जपानमध्ये गुपचूप भेटले. वेगळ्या देशाची मागणी सोडून स्वायत्ततेवर बोलणी आली. मलेशिया मध्यस्थ होता, युद्धबंदीवर आंतरराष्ट्रीय निरीक्षक नजर ठेवून होते. २७ मार्च २०१४ रोजी सर्वसमावेशक करार झाला. सरकारच्या बाजूने मुख्य वाटाघाटीकार मिरियम कोरोनेल-फेरर होत्या. जगात अशा अंतिम शांतता करारावर मुख्य वाटाघाटीकार म्हणून सही करणारी ही पहिली बाई. सप्टेंबरमध्ये विधेयक संसदेत गेलं.

२५ जानेवारी २०१५

मलेशियाचा बॉम्ब बनवणारा झुल्किफ्ली बिन हिर, टोपणनाव मारवान, मागिंदानाओमधल्या मामासापानो गावात लपला होता. अमेरिकेने त्याच्यावर ५० लाख डॉलरचं इनाम लावलेलं. पोलिसांच्या विशेष कृती दलाचे जवळपास ३९० कमांडो रात्रीच्या अंधारात निघाले. पहाटे एका तुकडीने मारवानला त्याच्या झोपडीत मारलं. प्रेत उचलून नेणं शक्य नव्हतं म्हणून पुराव्यासाठी त्याचं बोट कापून घेतलं. ते पुढे अमेरिकेच्या एफबीआयकडे गेलं आणि डीएनएवरून ओळख पटली.

कारवाई इथवर यशस्वी होती. पण हा एमआयएलएफचा इलाखा. सरकार आणि एमआयएलएफ यांच्यात ठरलेली एक पद्धत होती: गुन्हेगार किंवा दहशतवादी पकडायला त्या भागात जायचं तर संयुक्त समितीमार्फत आधी कळवायचं, म्हणजे ते आपली माणसं बाजूला घेतील. या वेळी कळवलं नाही. बातमी फुटेल ही भीती होती, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. लष्करालाही ऐन वेळी सांगितलं गेलं. मोहिमेची सूत्रं हलवणाऱ्यांत तेव्हा निलंबित असलेले पोलीसप्रमुखही होते.

उजाडलं तेव्हा परतीची वाट धरून ठेवणारी एक तुकडी मक्याच्या शेतात अडकली. आडोसा नाही, चहूबाजूंनी गोळीबार. एमआयएलएफचे लोक, कातोच्या गटाचे लोक आणि गावातले खासगी बंदूकधारी, सगळेच त्यात. तुकडीतल्या ३६ पैकी ३५ गेले. दुसऱ्या तुकडीतले ९. एमआयएलएफचेही डझनभराहून जास्त मेले, आणि काही गावकरीही.

खोलीतली चर्चा

पहिली प्रतिक्रिया मागच्या बाकावरून आली आणि ती खास सोलापुरी होती. “अबे, चव्वेचाळीस पोरं गेलेत की बे, अन् तू कायदा पास करायलास?” शेजाऱ्याला उद्देशून होती, पण अर्ध्या खोलीने मान डोलावली.

सुभेदार काकांनी त्याला पाठिंबा दिला नाही, विरोधही केला नाही. ते म्हणाले, “मारवान मारला ते बरोबर केलं. तो बोलायला बसणारा माणूस नव्हता. चूक ती नाही. पाठीमागच्या तुकडीला तोफखान्याचा आधार नाही, शेजारच्या लष्करी तळाला वेळेत निरोप नाही, ही चूक. त्याचा हिशोब ज्यांनी मोहीम आखली त्यांच्याकडे मागा. संसदेने कायदा अडवून तो हिशोब होत नाही.” मग थोडं थांबून, “पण मी खासदार असतो तर त्या आठवड्यात हो म्हणायची माझी छाती झाली नसती.” हे उत्तर मला फार आवडलं. निर्णय घेणाऱ्या माणसावर जमावाचं ओझं किती असतं ते नोट्समध्ये येत नाही.

एकाने सुचवलं, संपूर्ण मिंदानाओवर मार्शल लॉ लावा. सोलापुरात मार्शल लॉ म्हटलं की मे १९३० आठवणारच. गांधीजींच्या अटकेनंतर शहर उठलं, इंग्रजांनी लष्कर आणलं, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. वकीलबाईंनी लगेच विचारलं, “मग लष्कर लावून गाव इंग्रजांचं झालं का?” टाळ्या पडल्या, पण ही तुलना लंगडी आहे असं मी तिथेच बोललो. १९३० चं सोलापूर परक्या राजवटीविरुद्ध उठलं होतं, आणि फाशी गेलेल्या चौघांची नावं वाचली तरी कळतं की ते एका धर्माचं राज्य आणायला निघाले नव्हते. मिंदानाओमधले काही गट तेच करायला निघाले होते. कुणीतरी डॉ. कोटणीसांनाही मध्ये आणलं. परदेशाचा विषय निघाला की सोलापूरकर कोटणीसांना आणतोच, त्याला इलाज नाही.

उर्दू शाळेतल्या मॅडम इतका वेळ गप्प होत्या. त्यांचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. “करार कुणाशी केला? ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांच्याशी. त्याच बेटावरचे जे मुस्लिम कधी बंदूक घेऊन उभे राहिले नाहीत, जे ख्रिश्चन तीन पिढ्या तिथे राहतात, जे आदिवासी दोघांच्याही आधीपासून आहेत, त्यांना कोण विचारणार? उद्या एखादा पोरगा म्हणेल, बंदूक घेतली तर सरकार बोलायला येतं, नाहीतर नाही.” याला खोलीत कुणाकडे नीट उत्तर नव्हतं. वकीलबाईंनी सार्वमताची तरतूद दाखवली. प्रत्येक प्रांताला सामील व्हायचं की नाही ते मताने ठरवता येणार होतं. मॅडमचं समाधान झालं नाही, आणि पुढे सुलूमध्ये जे घडलं ते बघता त्यांची शंका रास्तच होती.

मग पूर्व भागातला एक पोरगा उठला. तेलुगूभाषक विणकर घरातला, आजोबा गिरणीत होते. “गिरणी बंद पडली तेव्हा देणी देतो म्हणून कागद झाला होता. कागदावर सह्या झाल्या म्हणून आजोबांनी युनियनच्या तापट लोकांना गप्प केलं. पैसे आले नाहीत. मग तेच लोक दारात येऊन म्हणायचे, काय नाना, मिळाले का? आजोबांना त्यानंतर कुणी विचारलं नाही.” त्याने मिंदानाओचं नावही घेतलं नाही, पण मला जे सांगायचं होतं ते त्याने सांगून टाकलं. करारावर सही करणारा नेता आपल्या लोकांसमोर आपली सगळी पत गहाण टाकतो. कायदा अडला की त्या माणसाचा शब्द पडतो, आणि शेजारी उभा असलेला कडवा माणूस काही न करता मोठा होतो.

हात वर करायला लावले तेव्हा ‘थांबवा’ म्हणणारे जास्त भरले, पण फरक थोडा होता.

पुढे काय झालं

फिलिपिन्सच्या संसदेनेही थांबवलंच. उघड नकार दिला नाही. सुनावण्या झाल्या, चौकश्या झाल्या, तरतुदी पातळ झाल्या, कोरम भरेना, निवडणुका तोंडावर आल्या. एमआयएलएफने मामासापानोत हाती लागलेल्या १६ बंदुका परत केल्या, युद्धबंदी मोडली नाही. तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये अधिवेशन संपलं ते विधेयक मंजूर न होता.

त्याच महिन्यात लानाओ देल सूरमधल्या बुतिग गावात माउते नावाच्या गटाची लष्कराशी मोठी चकमक झाली. या गटाचे म्होरके ओमर आणि अब्दुल्ला हे दोघे भाऊ. एक कैरोला शिकलेला, दुसरा जॉर्डनमध्ये. घर खातंपितं, राजकारणात वजन असलेलं, एमआयएलएफच्या नेत्यांशी सोयरिक असलेलं. त्यांनी विद्यापीठातली पोरं ओढली. ‘शिक्षण आणि रोजगार द्या, अतिरेक संपेल’ असं लिहिणाऱ्यांनी या घरापाशी जरा थांबावं. या पोरांना नोकरीपेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं, आणि ‘बोलणी करून काय मिळालं?’ हा माउतेंचा सवाल त्यांना पटत होता, कारण खरोखरच काही मिळालेलं नव्हतं. इराक-सीरियातल्या आयसिसचा पैसा आणि झेंडा हे कारणही होतंच, ते मी नाकारत नाही. पण तो झेंडा एमआयएलएफने घेतला नाही, माउतेंनी घेतला.

२३ मे २०१७ रोजी अबू सय्याफचा इस्निलोन हापिलोन याला पकडायला लष्कर मरावी शहरात शिरलं, आणि माउतेंच्या माणसांनी शहरच ताब्यात घेतलं. चर्च जाळलं, तुरुंग फोडला, एका कॅथलिक धर्मगुरूसह अनेकांना ओलीस ठेवलं. मुस्लिम घरमालकांनी ख्रिश्चन कामगारांना लपवलं, बायकांना आपले हिजाब दिले आणि बाहेर काढलं. लढाई पाच महिने चालली. हजाराहून जास्त माणसं मेली, त्यात दीडशेहून जास्त जवान. साडेतीन लाखांच्या आसपास लोक विस्थापित झाले. शहराचा मधला भाग विमानांतून टाकलेल्या बॉम्बनी सपाट झाला.

सुभेदार काकांचा मुद्दा इथे पूर्ण खरा ठरतो. शहर ताब्यात घेतलेल्या माणसाशी बोलणी होत नाहीत. ते लष्करानेच सोडवलं, आणि दुसरा कुठलाही मार्ग नव्हता. मार्शल लॉही लागला, आणि २०१९ च्या अखेरपर्यंत राहिला. पण त्याच लढाईत एमआयएलएफने सरकारबरोबर मिळून सुटकेचा मार्ग उघडला आणि अडकलेल्या शेकडो लोकांना बाहेर आणलं. त्याच वर्षी पुढे मागिंदानाओच्या दलदलीत एमआयएलएफचेच लोक आयसिसचा झेंडा घेतलेल्या एका फुटीर गटाशी लढले आणि मेले. २०१५ मध्ये ज्यांना शत्रू मानून कायदा अडवला, तेच २०१७ मध्ये आघाडीवर होते. बोलणी की बंदूक, असा वाद आपण घालतो तेव्हा एक गोष्ट सुटते: कुणाविरुद्ध बंदूक चालवायची हे बोलण्यांमुळेच ठरतं. सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की तुमच्या बाजूने लढू शकणारा माणूसही समोर जाऊन उभा राहतो.

कायदा जुलै २०१८ मध्ये झाला, मरावीनंतर. जानेवारी आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सार्वमत झालं, मुराद इब्राहिम नव्या स्वायत्त प्रदेशाचे अंतरिम मुख्यमंत्री झाले. जे २०१५ मध्ये देता आलं असतं ते एक शहर गमावून दिलं. कायदा वेळेत झाला असता तर मरावी घडलंच नसतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हापिलोन तेव्हाही होता, आयसिस तेव्हाही होती. पण भरती इतकी सोपी गेली नसती, असं माझं मत आहे आणि फळ्यावरच्या तारखा त्या बाजूने बोलतात.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. पहिल्या मतदानानंतर सहाव्या दिवशी सुलूतल्या होलो शहरात रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी कॅथेड्रलमध्ये दोन स्फोट झाले, वीसच्या वर माणसं मेली. याच सुलूने सार्वमतात ‘नको’ म्हटलं होतं, पण सगळ्यांची मतं एकत्र मोजल्यामुळे तो प्रांत आत ढकलला गेला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बाहेर काढला. मॅडमची शंका ती हीच. नव्या प्रदेशाची पहिली निवडणूक २०२२ मध्ये व्हायची होती, ती २०२५ वर गेली आणि २०२५ मध्येही पुन्हा पुढे ढकलली गेली. ४० हजार लढवय्यांनी हत्यारं ठेवायची ठरली होती. सुमारे २६ हजारांनी ठेवली. ठरलेली मदत नीट पोचली नाही म्हणून एमआयएलएफने २०२५ मध्ये उरलेल्यांचं काम थांबवलं. मरावीच्या मधल्या भागातली कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली, आणि भरपाईचा कायदा व्हायला २०२२ उजाडलं.

हे सगळं सांगून झाल्यावर पुन्हा हात वर करायला लावले नाहीत, कारण शेवट कळल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. त्याऐवजी नवीन प्रश्न दिला. तुम्ही आता खासदार नाही, मनिलामध्ये अर्थखात्यात आहात. उरलेल्या १४ हजार बंदूकधाऱ्यांना द्यायच्या मदतीची फाइल तुमच्या टेबलावर आहे, आणि निवडणूक अजून व्हायची आहे. पैसे आधी सोडायचे की हत्यारं आधी मागायची? सुभेदार काका आणि गिरणीवाल्याचा नातू या वेळी समोरासमोर बसलेत.